सीलबंद बास गिटार

खर्जमास्तर. वीज कंपनीतील वरिष्ठ मीटर तपासनीस आणि पाच जणांच्या एका वाद्यवृंदातील बास गिटारवादक. जन्म १९४३, मृत्यू २०१६. कागदोपत्री त्यांचे नाव अर्थातच वेगळे होते. पण त्या नावाने त्यांना ओळखणारे पगारपत्रकाखेरीज काही उरले नव्हते. वाद्यवृंदात सर्वांत खालचे, कानाआधी पोटाला ऐकू येणारे स्वर त्यांच्याकडे असत, म्हणून ‘खर्ज’; आणि चुकणाऱ्याला त्याची चूक तिथल्या तिथे, तारीखवार दाखवण्याची त्यांना खोड होती, म्हणून ‘मास्तर’.

मीटर तपासनिसाचे काम मीटर वाचण्याचे नव्हे. वाचणारा वेगळा असतो. तो दारोदार फिरतो, आकडा लिहितो आणि पुढे जातो. त्या आकड्यावर वरच्यांचा विश्वास बसत नाही तेव्हा तपासनीस येतो. मीटरच्या झाकणाला तारेत ओवलेले शिशाचे एक बारीक सील असते. ते कोणी उचकटले आहे काय, उचकटून पुन्हा दाबले आहे काय, एवढेच त्याने पाहायचे. चौतीस वर्षे खर्जमास्तरांनी खिशातल्या भिंगातून एवढेच पाहिले. झाकणाला सुईएवढे भोक पाडून चाक अडवणारे सद्गृहस्थ त्यांनी पाहिले, मीटरला लोहचुंबक चिकटवून त्यावर नवऱ्याची तसबीर टांगणाऱ्या आजीबाई पाहिल्या, आणि “उंदराने कुरतडलं हो” असे शिशाच्या सीलाबद्दल शपथेवर सांगणारा एक वकीलही पाहिला. या अनुभवातून त्यांनी एक नियम काढला व तो आयुष्यभर पाळला: समोरच्याचे बोलणे ऐकू नये, सील पाहावे.

हा नियम कचेरीत राहिला नाही. तो त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी घरी येई. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर त्यांच्या सहीची कागदी पट्टी असे. कपाट बंद करताना दाराच्या फटीत ते आगकाडीचा एक तुकडा ठेवीत आणि उघडण्यापूर्वी तो जागच्या जागी आहे ना, हे वाकून पाहत. बायको म्हणे, “अहो, माझ्या तोंडालाही एक सील लावून टाका, म्हणजे तुमची काळजी मिटेल.”

“ते टिकायचं नाही,” मास्तर गंभीरपणे सांगत.

अशा माणसाचा जीव जिच्यावर जडला होता, ती गिटार वास्तविक अगदी सामान्य होती. १९७१ साली ती नवी घेतली तेव्हा दुकानातील सर्वांत स्वस्त बास गिटार तीच होती, आणि हे विक्रेत्याने लपवलेही नव्हते. तिचे धड अखंड लाकडाचे नसून प्लायवुडचे होते. मध्ये पिवळसर, कडेकडे लाल आणि अगदी काठाला काळे होत गेलेले रोगण त्यावर इतके जाड बसवले होते की आतले थर दिसू नयेत. दांडी नेहमीच्या बास गिटारींहून चार बोटे आखूड, म्हणून लहान हाताच्या माणसालाही पेलणारी. पण जाडीला जिन्याच्या कठड्यासारखी. दांडी वाकली तर सरळ करण्याची सोय महागड्या वाद्यांत असते. हिच्या दांडीत एक पोलादी पट्टी कायमची ठोकून बसवली होती आणि वाकणे न वाकणे तिच्या मर्जीवर सोडले होते. चार जाड तारा, त्यांच्याखाली त्यांची थरथर टिपणारी तारेची गुंडाळी, म्हणजे चकचकीत टोपी घातलेला एकच पिकअप, आवाजाचे एक बटण व सुराच्या खुलेपणाचे दुसरे. तारांच्या खालच्या अंगाला बोटे टेकवायची एक लाकडी पट्टी होती, कारण त्या काळी बास अंगठ्याने वाजवीत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर धातूचे झाकण होते आणि त्या झाकणाच्या पोटात स्पंजाचा एक तुकडा चिकटवलेला होता. तो तारांना वरून हलकेच दाबून धरी, त्यामुळे स्वर घुमत न राहता ‘धप्’ असा उमटून लगेच विरे. मास्तरांना हे ‘धप्’ प्राणापलीकडे प्रिय होते. “स्वराने यावं, काम करावं, जावं,” ते म्हणत. “रेंगाळणाऱ्यावर माझा भरवसा नाही.”

दांडी धडाला मागून चार स्क्रूंनी जोडलेली होती. त्या स्क्रूंखाली पोलादाची एक चौकोनी पट्टी व पट्टीवर ठोकलेला पाच आकडी क्रमांक. तो मास्तरांनी खरेदीच्याच दिवशी रोजनिशीत उतरवून घेतला. त्यानंतर पस्तीस वर्षे ते अभिमानाने सांगत आले की, तारा सोडल्या तर या गिटारीत कारखान्यातून आल्यापासून काहीही बदललेले नाही.

या गिटारीला हात लावण्याची मुभा दुसऱ्या एकाच माणसाला होती. तो त्यांच्या बायकोचा धाकटा आणि एकुलता एक भाऊ. पुढे मास्तरांची मुलगी त्याला ‘रेडिओमामा’ म्हणू लागली, आणि मग सगळेच म्हणू लागले. विशीच्या आत तो वाद्यवृंदाबरोबर हिंडू लागला. वायरी जोडायच्या, ॲम्प्लिफायर लावायचे, कार्यक्रम संपला की सारे उचलून गाडीत भरायचे. मास्तर स्वतः भरायला कधी थांबत नसत. सकाळी आठला कचेरी असल्यामुळे ते शेवटचा स्वर वाजवून, गिटार मामाच्या हाती देऊन, मिळेल ती बस पकडीत. १९८९ साली वाद्यवृंद मोडला तेव्हा मामाने दुरुस्तीचे दुकान थाटले. तो माणूस बडबड्या नव्हता. दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा, बंद पडलेले जे काही असेल ते काखोटीला मारून न्यायचा आणि पुढच्या रविवारी चालू करून आणायचा.

२००६ सालच्या एका सोमवारी गिटारीतून खरखर येऊ लागली. वायर खोचायचे सॉकेट सैल झाले होते. एरवी मास्तरांनी ती निःशंकपणे मेहुण्याकडे धाडली असती. परंतु त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक लेख आला होता: जुन्या, स्वस्त, कारखानी गिटारींना आता शौकीन गिऱ्हाईके शोधत फिरतात, विशेषतः ज्यांत काहीच बदललेले नाही अशांना. मास्तरांनी तो लेख दोनदा वाचला, कापून ठेवला आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

सॉकेट दुरुस्त करायचे तर समोरचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा उघडावा लागणार, हे त्यांना मान्य होते. म्हणून पत्र्याच्या स्क्रूंना त्यांनी हात लावला नाही. पण जे उघडण्याचे काहीच कारण नव्हते, त्या प्रत्येक स्क्रूवर त्यांनी बायकोच्या लाल नखरंगाचा एक एक ठिपका दिला: मागच्या पट्टीवर चार, घोडीवरच्या झाकणावर दोन.

“हे काय चाललंय?” बायकोने विचारले.

“खुणा.”

“माझ्या भावासाठी?”

“भावासाठी नव्हे. पद्धत म्हणून.”

“पद्धत म्हणे! लग्नात मला सील लावून आणलं असतं ना, तर आज एवढं बोलायची सोय राहिली नसती.”

तीन दिवसांनी रेडिओमामा गिटार घेऊन घरी आला. दारातच म्हणाला, “दाजी, एक सांगायचं होतं...”

“सॉकेट झालं?”

“झालं, पण ते...”

“मग झालं तर. चहा घे.” मास्तरांची नजर मामाच्या तोंडाकडे नव्हतीच, ती घोडीवरच्या झाकणाकडे गेली होती. तिथले दोन्ही ठिपके फुटले होते.

मामा गेल्यावर त्यांनी दार लावून घेतले आणि गिटार ॲम्प्लिफायरला जोडली. पहिलीच जाड तार छेडली. ‘धप्’ नव्हते. स्वर उमटला आणि तिथेच राहिला. खोलीभर घुमत, खिडकीच्या काचेला थरथरवत, घरी परतण्याचे नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. मास्तरांनी दुसरी तार छेडली, तिसरी छेडली. सगळ्या तशाच. कुठेतरी पाणी मुरत होते.

त्यांनी भिंग काढले, गिटार पालथी घातली. मागच्या पट्टीवरचे चारही ठिपके शाबूत होते. क्षणभर त्यांना हायसे वाटले. मग त्यांनी १९७१ ची रोजनिशी काढली आणि क्रमांक ताडून पाहिला. जुळेना. एकच आकडा नव्हे, पाचांपैकी तीन आकडे वेगळे होते.

दुसरा कोणी असता तर इथे थबकला असता. आपण स्वतः दिलेले ठिपके शाबूत आहेत, म्हणजे पट्टी कोणी काढलेली नाही, म्हणजे घोळ जुना असला पाहिजे, असा सरळ हिशेब त्याने केला असता. मास्तरांचा अनुभव त्यांना सरळ जाऊ देईना. त्यांच्या चौतीस वर्षांत खोटे सील नेहमीच खऱ्याहून नीटनेटके निघाले होते. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“तुझी ती लाल बाटली कुठे असते?”

“कपाटात. का?”

“या तीन दिवसांत कोणी मागितली होती?”

बायकोने हातातली पळी भांड्यात ठेवली. “म्हणजे कोणी? माझ्या भावाने? आणि मी दिली, असंच ना?” मास्तर बाटली उजेडात धरून पाहायला कपाटाकडे वळले. तेवढेच तिला पुरेसे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात गेले. मामा मागच्या खोलीत कोणाच्या तरी रेडिओत मान खुपसून बसला होता. पुढच्या काचेमागे, दोन जुन्या स्पीकरांच्या मध्ये, एक बास गिटार उभी होती. पिवळसर, लाल, काळी. आखूड दांडीची. तीच टोपी, तीच बोटे टेकवायची पट्टी. वाद्यवृंदाच्या मालकाने १९७१ साली मास्तरांच्या गिटारीबरोबरच, अडीअडचणीला असावी म्हणून, तशीच दुसरी घेऊन ठेवली होती. मालक वारल्यावर त्याच्या बायकोने ती विकायला मामाकडे दिली होती. मास्तरांना हे माहीत नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाही. त्यांनी ती उचलली, पालथी केली, भिंग डोळ्याला लावले.

रोजनिशीतला क्रमांक तिथे होता. पाचही आकडे.

“दाजी? केव्हा आलात?” मामा हात पुसत बाहेर आला.

“ही माझी आहे,” मास्तर म्हणाले.

“ती? ती मालकांची. वहिनींनी दिलीय विकायला. तुमची घरी आहे.”

“घरी जी आहे तिचा क्रमांक माझा नाही. हिचा आहे.”

मामाने क्षणभर डोळे मिटले आणि मग, आश्चर्य म्हणजे, तो हसला. “अहो, पट्ट्या होय! आपली गाडी केवढीशी, आठवतंय ना? दांड्या लावलेल्या गिटारी पेटीत मावायच्या नाहीत. मी दोन्हींच्या दांड्या सोडवून आडव्या ठेवायचो. स्क्रू आणि पट्ट्या एका डब्यात. जोडताना जी हाताला येईल ती लावायची. अठरा वर्षं तसंच केलंय. कुठली पट्टी कुठे गेली, कोणाला ठाऊक!”

 असला जबाब मास्तरांनी शेकडो उंबऱ्यांवर ऐकला होता. सोयीचा, जुना, पडताळता न येणारा. आणि साक्षीदार बहुधा मेलेला.

“आणि माझे ठिपके?”

“कसले ठिपके?”

“घोडीवरचं झाकण तू का उघडलंस? सॉकेट तिथे नसतं.”

“तेच तर मी काल सांगत...”

“तुझी बहीण तुला नखरंग देते, तू तुझ्या सोयीने ठिपके देतोस, माझी गिटार काचेत लावतोस आणि मालकांची माझ्या गळ्यात मारतोस,” मास्तर शांतपणे, कलमवार बोलत होते. आवाज चढवणे त्यांना कधीच आवडत नसे. “माझ्या नोकरीत या प्रकाराला एकच शब्द आहे.”

“कोणता?”

“चोरी.”

रेडिओमामाचा चेहरा एकदम कोरा झाला. त्याने काचेमागची गिटार मास्तरांच्या हातातून हळूच काढून घेतली व पुन्हा जागच्या जागी ठेवली.

“दाजी, घरी जा,” तो म्हणाला. “घरच्या गिटारीचा समोरचा पत्रा स्वतःच्या हाताने उघडा. लोकांची मीटरं आयुष्यभर उघडलीत. आपलं एकदा उघडून बघा.”

“उघडल्यावर पुरावा राहत नाही.”

“मग नका उघडू,” मामा म्हणाला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

त्या रविवारी तो जेवायला आला नाही. पुढच्याही नाही. बायकोने पहिल्या रविवारी तीन ताटे मांडली आणि एक उचलून ठेवले. दुसऱ्या रविवारी तिने दोनच मांडली. तिसऱ्या रविवारी एक, ते मास्तरांपुढे ठेवले आणि स्वतः स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवली. घरात बोलणे चालू होते, पण ते ‘मीठ हवंय का’ आणि ‘दूध आलंय’ एवढ्यापुरते. मास्तर गिटारीला शिवत नसत. ती खोलीच्या कोपऱ्यात, एखाद्या प्रकरणातील जप्त मालासारखी, चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. तथापि त्यांची तपासणी थांबली नव्हती. आपण दुकानात असताना मामा हसला का? निर्दोष माणूस हसेल की चिडेल? अपराधी पत्रा उघडायला सांगेल का? उलटपक्षी, आपण उघडणार नाही अशी खात्री असलेलाच तसे सांगणार नाही काय? या प्रश्नांची उत्तरे ते दिवसातून चारदा काढीत आणि दर वेळी वेगळी येत.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, बायको त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.

“मला एकच भाऊ आहे,” ती म्हणाली. “तो चोर असेल तर मला कळू दे. मी त्याचं तोंड बघणार नाही. आणि नसेल, तर मी तुमचं काय करायचं ते मग ठरवीन. पण हे असं अधांतरी मी नाही राहणार. तुम्ही उघडता की मी उघडू?”

मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले, गिटार उताणी ठेवली, तारा सैल केल्या आणि पत्र्याचे अकरा स्क्रू काढून बशीत ओळीने, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, ठेवले. पस्तीस वर्षांत ते प्रथमच या वाद्याच्या पोटात पाहत होते. पत्रा उचलला. आत कोरलेला खळगा, त्यात दोन वायरी, नवे चकचकीत सॉकेट. आणि खळग्याच्या तळाशी, उघड्या प्लायवुडवर, पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी.

दुरुस्ती करणाऱ्यांची ती जुनी सवय असते. यंत्र उघडले की आत कुठेतरी तारीख आणि काम लिहून ठेवायचे. पुढच्या खेपेला उघडणाऱ्याला, बहुधा स्वतःलाच, उपयोगी पडते. अक्षर रेडिओमामाचे होते. मास्तरांनी भिंग लावले आणि मोठ्याने वाचले, कारण बायको वाट पाहत होती.

“जून एकाहत्तर. दाजींची गिटार. आतली वायर नवी. सप्टेंबर शहात्तर. दांडीची भोके ढिली, आगकाड्या भरल्या.” त्यांनी भिंग पुढच्या ओळीवर सरकवले. “मार्च एकोणऐंशी. पिकअप मेला. नवा गुंडाळला, टोपी जुनीच. ताईला मुलगी. दाजी दवाखान्यातून थेट कार्यक्रमाला. सांगू नये.”

“एकोणऐंशी,” बायको हळूच म्हणाली. “तेव्हा माझं शिवणयंत्र नेलं होतं त्याने दोन दिवस. कशाला, तर म्हणाला, तार गुंडाळायचीय. मी बाळंतीण, मला काय कळणार कसली तार.”

त्यापुढे आणखी तीन ओळी होत्या: चौऱ्याऐंशीला बटण, सत्त्याऐंशीला खुंटीचे चाक, एकोणनव्वदला पुन्हा आगकाड्या. शेवटची ताजी: “२००६. सॉकेट. घोडीच्या झाकणातल्या स्पंजाचे पीठ झाले होते, काढला. नवा मिळाल्यावर बसवणे. दाजींना सांगणे.”

 काही केल्या राहवेना म्हणून मास्तरांनी तर्जनी ओली केली आणि एकोणऐंशीच्या ओळीवरून किंचित फिरवली. पेन्सिल अलीकडची असेल तर पुसली जाते.

“आता पेन्सिलीलाही सील लावा!” बायकोचा आवाज फाटला. ती हसत होती की रडत होती, हे त्यांना पाहवले नाही.

ओळ पुसली गेली नाही. तिच्यावर सत्तावीस वर्षांचा तेलकट थर बसला होता.

म्हणजे हा आपलाच बास. म्हणजे पट्ट्या खरोखरच डब्यात मिसळल्या होत्या. मेहुणा चोर नव्हता. आणि तरी मास्तरांना वाटलेली निम्मी गोष्ट खरी होती, हेच त्यांना सर्वांत झोंबले: गिटारीत फेरफार झाला होता. एकदा नव्हे, सातदा. त्यांच्या नाकाखाली, त्यांना सुगावा लागू न देता. ज्या आवाजाला ते ‘कारखान्याचा’ म्हणून चारचौघांत मिरवत आले, तो एकोणऐंशीपासून मेहुण्याने बहिणीच्या शिवणयंत्रावर गुंडाळलेल्या तारेचा होता. आणि तपासनीस म्हणून नावाजलेल्या माणसाने एकदाही झाकण उघडले नव्हते.

त्याच संध्याकाळी ते दुकानात गेले. मामा सोल्डर करीत होता. त्याने मान वर केली नाही.

“उघडली,” मास्तर म्हणाले.

“बरं.”

“पिकअपचं मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही जुना परत मागितला असतात. मग भिंगातून बघितला असतात. मग कार्यक्रम राहिला असता आणि तुम्ही मुलीला बघायचं सोडून माझा जबाब घेत बसला असतात.” त्याने धूर फुंकून बाजूला केला. “तुम्हाला काही सांगायचं म्हणजे, दाजी, आधी आरोपी व्हावं लागतं.”

मास्तरांनी दुकानाची काच पाहिली, रस्ता पाहिला. “माझा अहवाल चुकीचा होता,” ते अखेरीस म्हणाले.

“अहवाल कुठे दिलात? मला चोर म्हणालात.”

यावर मास्तरांना एकच वाक्य बोलायचे होते, आणि ते जिभेवर आलेही. पण जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांची कबुली लिहून घेतली त्यांना स्वतःची कशी उच्चारतात हे माहीत नसावे. ते एवढेच म्हणाले, “रविवारी ये. तिने वाट पाहिली आहे.”

“येईन,” मामा म्हणाला. “तिच्यासाठी. पण एक सांगून ठेवतो. तुमच्या घरच्या कशालाही मी यापुढे हात लावणार नाही. गिटार सोडा, साधा बल्बसुद्धा. बाहेर दाखवत जा.”

तो रविवारी आला, आणि नंतर दर रविवारी येत राहिला. शब्दही त्याने अक्षरशः पाळला. रेडिओ बंद पडला, मामाने ऐकले आणि म्हटले, “चौकातल्याला दाखवा, चांगला आहे.” शिवणयंत्राची मोटार जळली, तेव्हा त्याने चौकातल्याचा नंबर कागदावर लिहून दिला. चौकातला कारागीर प्रामाणिक होता, पण अडाणी. त्याने दोनदा चुकीची वायर जोडली. घोडीच्या झाकणात नवा स्पंज मास्तरांनी स्वतःच कापून बसवला. तो जाड झाला. तेव्हापासून गिटार इतकी दबकी वाजू लागली की शेजाऱ्यांनाही ऐकू जाईना. पातळ तुकडा कसा मिळवायचा, हे विचारायला जाणे त्यांना जमले नाही.

२०१६ साली ते दवाखान्यात होते. मामा रोज दुपारी येऊन बसे. एके दिवशी मास्तरांनी त्याचे मनगट धरले.

“त्या वेळी दुकानात मी तुला जे म्हणालो...”

“कोणत्या वेळी?” मामा म्हणाला.

“सहा साली. ते...”

“मला नाही आठवत, दाजी. पाणी देऊ?”

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. तो खोटे बोलत होता, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ती त्यांची शेवटची अचूक तपासणी. पण आठवत नाही म्हणणाऱ्याची माफी मागता येत नाही, आणि मामाने पेला पुढे केला होता. ते पाणी प्याले.

पुढच्या गुरुवारी ते गेले. बास गिटार मुलीकडे आहे; तिला वाजवता येत नाही, ती फक्त तारांवरची धूळ पुसते. मालकांची गिटार एका संगीतशिक्षकाने नेली. मामाने बहिणीकडचे पुन्हा कधी काही दुरुस्त केले नाही. मास्तर नसल्यावर तरी कर, असे ती एकदा म्हणाली. त्यावर तो म्हणाला, “ते गेल्यावर लगेच करायला लागलो, तर त्यांना काय वाटेल?” मग उठून त्याने ताट घासायच्या जागी नेऊन ठेवले आणि पुढच्या रविवारी किती वाजता यायचे ते विचारले.